वाढ थांबते, आजार थांबत नाही

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, तुझ्या मांडीच्या हाडात ती रेघ निघाली होती ना, तसलीच माझ्या पावलात निघालीय."

भाची बत्तीस वर्षांची. चार महिने पाऊल दुखत होतं. आधी चपला बदलून झाल्या, मग वजन कमी करण्याचा सल्ला ऐकून झाला, मग मलमं, शेक, सगळं झालं. शेवटी एक्स-रे काढला तर पावलाच्या लांब हाडात आडवी बारीक रेघ. पडली नाही, मार लागला नाही, तरी हाड तडकल्यासारखं. मी विचारलं, "औषध कधीपासून बंद आहे तुझं?" तर म्हणाली, "अठरा पूर्ण झाल्यापासून. लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, आता वाढ पूर्ण झाली, माझं काम संपलं."

त्यांचं काम खरंच संपलं होतं. पण पुढे ते कुणाचं सुरू झालं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही. चौदा वर्षं ती कुणाचीच पेशंट नव्हती.

तिला विचारूनच हे लिहितेय. "लिही, पण नाव नको," म्हणाली. वाचणाऱ्यांत आमचे निम्मे नातेवाईक आहेत, त्यांना नाव लागणारच नाही म्हणा! पण आज मला जे सांगायचंय ते त्यांच्यासाठीही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घराण्यात जो आजार आहे त्याला गावात 'मुडदूस' म्हणायचे. पाय धनुष्यासारखे वाकडे, उंची कमी, चाल बदकासारखी. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्व कमी, ऊन कमी, दूध कमी, हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. मी स्वतः वर्गात शिकवलंय. पण आमचा मुडदूस तो नव्हे. त्याचं नाव एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया. लांबलचक नाव, म्हणून डॉक्टर नुसतं एक्सएलएच म्हणतात. साधारण वीस हजारांत एकाला असतो असं सांगतात.

माझ्या शिक्षकी भाषेत सांगायचं तर असं, की घरावर पाण्याची टाकी आहे आणि खालची तोटी कुणीतरी उघडी ठेवलीय. वरून कितीही पाणी सोडा, टाकी भरत नाही. हाड घट्ट व्हायला कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही लागतो. आमच्या शरीरात हाडांतल्याच पेशी एफजीएफ-२३ नावाचं एक संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार करतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, फॉस्फरस टाकून दे. वर ड जीवनसत्त्वाचं जे कामाचं रूप मूत्रपिंडात तयार होतं, तेही कमी करतं. म्हणजे खाल्लेलं सगळं लघवीवाटे चाललं, आणि हाडं मऊ ती मऊच. साधं ड जीवनसत्त्व देऊन न सुधारणारा असा मुडदूस फुलर ऑल्ब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ साली नोंदवला होता. ज्या जनुकातल्या दोषामुळे हे होतं ते जनुक १९९५ मध्ये सापडलं.

आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ. तिघी बहिणी वाकड्या पायांच्या, दोघे भाऊ सरळसोट उंच. आता सांगा, गाव काय म्हणेल? गाव म्हणायचं, "पोरांना साय, पोरींना ताक." आमच्या आजीनेही आईला हे तोंडावर ऐकवलेलं मी ऐकलंय. आई आम्हा तिघींना कोवळ्या उन्हात बसवून पायांना तेल चोळायची. अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, सर्वांत जास्त त्रास होता, तर तिच्या वाटीत स्वतःच्या वाटणीचं दूध ओतायची. माशाचं तेल झालं, कॅल्शियमची इंजेक्शनं झाली. काही उपयोग झाला नाही. पाय वाकले ते वाकलेच, आणि बोल आईला लागला तो लागलाच.

१९८९ साली माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिचे पाय वाकायला लागले तशी मी घाबरून तिला पुण्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी खोलीत शिरले आणि खुर्चीपर्यंत चालत गेले, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, मुलीबरोबर तुमचंही रक्त तपासू." माझा फॉस्फरस १.९ निघाला. मोठ्या माणसात तो साधारण २.५ ते ४.५ असायला हवा. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचे पाय कसे होते?" वडिलांचे पाय फाकलेले होते आणि ते बुटके होते. लहानपणी डोक्यावर ओझी वाहिली म्हणून तसे झाले, असं सगळे म्हणायचे.

डॉक्टरांनी कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढली. मुलगे चौकोन, मुली वर्तुळं. म्हणाले, हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बापाकडे एक्स एकच. तो प्रत्येक मुलीला जातो, मुलग्याला कधीच जात नाही, कारण मुलग्याला बापाकडून वाय मिळतो. म्हणून बापाला आजार असेल तर सगळ्या मुलींना होणार, मुलग्यांना नाही. आईला असेल तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येक वेळी निम्मी शक्यता.

तिघी मुली, दोघे मुलगे. आमचं घर म्हणजे त्या नियमाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होतं! साय आणि ताकाचा काही संबंधच नव्हता. तो कागद घेऊन मी एसटीत बसले आणि साताऱ्यापर्यंत रडले. आई १९८१ मध्येच गेली होती.

असो. भाचीकडे वळते.

हा लहान मुलांचा आजार आहे, असा समज डॉक्टरांतही आहे आणि घरच्यांतही. कारण डोळ्यांना दिसतात ते मुलाचे पाय. लहानपणी औषध दिलं तर पाय बरेच सरळ होतात, उंची थोडी जास्त मिळते. वाढ संपली की पाय आहेत तसे राहतात, आणि सगळ्यांना वाटतं झालं, संपलं. पण हाड म्हणजे काही एकदा बांधून टाकलेली भिंत नव्हे. जुनं झिजतं, नवं भरतं, हे मरेपर्यंत चालू असतं. तोटी पन्नाशीतही उघडीच असते. म्हणजे भरलं जाणारं नवं हाड कच्चं.

मोठेपणी काय होतं ते मी माझ्यावरून सांगते. तिशीत दातांच्या मुळाशी गळवं व्हायला लागली. दाताला कीड नाही, खड्डा नाही, आणि गाल सुजलेला. "दात घासत नाही का बाई?" असं एका दंतवैद्यांनी मला विचारलं होतं, शाळेत मुलांचे दात तपासणाऱ्या बाईला! आमच्या दातांचं आतलं बांधकामच कच्चं असतं, त्यामुळे जंतू कीड नसतानाही आत शिरतात. पुढे चाळिशीतच गुडघे आणि कंबर जखडली. याची गंमत बघा. हाडात चुना भरत नाही, पण स्नायूंच्या दोऱ्या हाडाला जिथे चिकटतात तिथे नको तेवढा साचतो. टाचेला, कमरेला, मणक्यांना कठीण काटे फुटतात. ऐकू कमी येणं हाही याचाच भाग असू शकतो. आणि मग ती रेघ.

२०१० मध्ये मला मांडीत दुखायला लागलं. मीही तोवर सात-आठ वर्षं औषध सोडलेलं होतं. एका डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला सांगितली, ती चांगली निघाली. (या आजारात ती चांगली, कधी जास्तसुद्धा दिसते, हे मला नंतर कळलं.) दुसऱ्यांनी वय बघून हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ते इंजेक्शन सुचवलं. मी घ्यायला निघाले होते. ते इंजेक्शन हाडाची झीज थांबवतं. आमचा प्रश्न झिजेचा नाही, हाड पक्कं न होण्याचा आहे. माझ्या मुलीने हट्ट धरला म्हणून जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन पुन्हा हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेत मांडीच्या हाडाला अर्ध्यापर्यंत आडवी रेघ होती. ती पुढे गेली असती तर हाडाचे दोन तुकडे झाले असते. औषध पुन्हा सुरू केलं. काठी घेऊन वर्षभर चालले, पण रेघ भरली.

आता कुणी म्हणेल, मग सरळ सांगा ना, जन्मभर औषध घ्या म्हणून. इतकं सोपं नाही, आणि मी ते सांगणारही नाही.

जुनं औषध म्हणजे फॉस्फेटची पुडी आणि त्याच्या जोडीला ड जीवनसत्त्वाचं तयार, कामाचं रूप. १९८०च्या आसपासपासून ही जोडी रूढ झाली. पुडी एकदा घेऊन भागत नाही. फॉस्फरस वर चढतो आणि थोड्या वेळात पुन्हा उतरतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा घ्यायची. मी शाळेत मधल्या सुट्टीत घ्यायची. चव खारट-तुरट. दुधाबरोबर चालत नाही, कारण कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून बसतात. पोट बिघडतं. तासाला फळ्याकडे तोंड करून उभं असताना पोटात कळ आली की काय होतं, ते शिक्षकांनाच कळेल!

पण पोट ही किरकोळ गोष्ट. वर्षानुवर्षं जास्त फॉस्फेट घेतलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात, आणि मग त्यांचं संप्रेरक उलट हाडंच खायला लागतं. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीतलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडात चुन्याचे ठिपके पडतात. माझ्या सोनोग्राफीत ते आहेत. म्हणजे घेतलं नाही तर हाड तडकतं, आंधळेपणाने घेतलं तर मूत्रपिंड जातं. शिवाय ते चुन्याचे काटे या औषधाने कमी होत नाहीत. दातांना मात्र मोठेपणीही औषध चालू ठेवल्याचा फायदा दिसतो.

२०१९ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं ते मला शहाणपणाचं वाटतं. ज्या मोठ्या माणसाला काही त्रास नाही त्याला सरसकट औषध देऊ नका. हाडं दुखतायत, रेघा निघाल्यात, हाडाचं किंवा दातांचं ऑपरेशन ठरलंय, तर द्या. पण औषध देणं न देणं वेगळं आणि माणसावर लक्ष ठेवणं वेगळं. लक्ष ठेवणं कधीच थांबवायचं नाही. माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे. भाचीचं औषध अठराव्या वर्षी बंद केलं हे कदाचित बरोबरही असेल. पण तिला दुसऱ्या कुणाच्या हाती न सोपवता बंद केलं, हे चूक.

शाळेत सातवीचा वर्ग आठवीच्या शिक्षकांच्या हाती देताना आम्ही प्रत्येक मुलाचं प्रगतिपुस्तक देत होतो. कोण गणितात कच्चा आहे, कुणाला लांबचं दिसत नाही, हे तोंडीही सांगत होतो. मुलांच्या डॉक्टरांनी मोठ्यांच्या डॉक्टरांना एक चिठ्ठी लिहावी, एवढं साधं मागणं आहे. चिठ्ठी मिळत नसेल तर आपण मागून घ्यावी. लहानपणापासूनचे कागद एका पिशवीत ठेवावेत. वर्षातून एकदा तरी रक्तातला फॉस्फरस, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइडचं संप्रेरक आणि क्रिएटिनिन बघावं. औषध चालू असेल तर जास्त वेळा, आणि अधूनमधून लघवीतलं कॅल्शियम व मूत्रपिंडाची सोनोग्राफीही. दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आजाराचं नाव सांगावं. पाऊल किंवा मांडी एकाच जागी आठवडे दुखत असेल तर चपला बदलत बसू नये, एक्स-रे काढावा. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

आता नव्या औषधाविषयी. बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन आलंय. ते वरून पाणी ओतत नाही, तर तोटी बंद करायला बघतं. म्हणजे त्या एफजीएफ-२३लाच धरून ठेवतं. मोठ्या माणसांना चार आठवड्यांतून एकदा त्वचेखाली देतात. ते घेताना पुड्या आणि ड जीवनसत्त्वाचं ते तयार रूप बंद ठेवावं लागतं. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. त्याआधी १३४ मोठ्या माणसांवर त्याची चाचणी झाली होती. चोवीस आठवड्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांच्या ४३ टक्के रेघा आणि मोडी पूर्ण भरल्या. नुसत्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या ८ टक्केच. हे आकडे वाचून मला अक्का आठवली. शेवटची नऊ वर्षं ती खाटेवर होती.

पण किंमत! अमेरिकेत मोठ्या माणसाचा वर्षाचा खर्च सुरुवातीला दोन लाख डॉलरच्या आसपास सांगितला होता. तिथेही विमा नसेल तर कुणाची छाती आहे? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांसाठी त्याची शिफारस २०१८ मध्येच झाली, मोठ्यांसाठी व्हायला २०२४ उजाडलं. म्हणजे 'आता वाढ झाली ना, मग कशाला' हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. आपल्याकडे २०२१ साली दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, त्यातली मदत २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली. मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. चांगलं पाऊल आहे, मी नावं ठेवणार नाही. पण पन्नास लाख ही एका ऑपरेशनसाठी मोठी रक्कम आहे. जन्मभर दर महिन्याला घ्यायच्या महागड्या इंजेक्शनाला ती कितीशी पुरणार? जन्माच्या आजाराला एकरकमी मदत, हे गणित जुळत नाही. किंमत उतरायला हवी, आणि मदत द्यायचीच तर ती आजाराच्या मुदतीएवढी हवी. मुलांना आधी द्या, याला माझी हरकत नाही. त्यांचे पाय अजून घडायचे आहेत. पण ज्या मोठ्या माणसाचं हाड तडकलंय त्याला 'वाढ झाली ना' म्हणून रांगेबाहेर काढू नका.

मला स्वतःला ते इंजेक्शन नको. या वयात पुडी आणि काठी पुरे. भाचीला मात्र मिळायला हवं, असं वाटतं. तूर्त तिला पुन्हा जुनीच औषधं सुरू केली आहेत, आणि तपासण्यांच्या तारखा मीच माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात.

शेवटचं नातेवाइकांसाठी. माझ्या भावांच्या मुलाबाळांना आमच्याकडचा हा आजार येण्याचं कारण नाही, त्यांनी निर्धास्त असावं. आम्हा बहिणींच्या लेकींनी आणि त्यांच्या मुलांनी मात्र बाळ जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांतच फॉस्फरस बघून घ्यावा. रिपोर्टवर मोठ्यांचा आकडा छापलेला असेल तर फसू नका. लहान मुलात तो मुळातच जास्त असायला हवा, म्हणून तीन आला तरी 'नॉर्मल' समजू नये. माझ्या नातीचं निदान चार महिन्यांची असताना झालं. आज ती दहा वर्षांची आहे आणि सरळ पायांनी लंगडी खेळते.

आणि लग्न जमवताना लपवू नका. धाकटी मला म्हणाली होती, "ताई, स्थळं येतायत, आत्ता नको बोलूस." मी तेव्हा गप्प बसले. भाचीचं औषध बंद राहायला ते गप्प बसणंही कारण झालं, कारण सासरी पुड्या कशाच्या हे सांगायला लागू नये म्हणून तिने पुन्हा कधी विषयच काढला नाही. जावई चांगला निघाला. परवा एक्स-रे घेऊन तोच धावपळ करत होता. मला म्हणाला, "मावशी, मला आधी सांगितलं असतंत तर चार महिने गेले नसते."

यावर मी काय बोलणार? आमच्या आईवर नसलेला दोष आला, कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

डॉक्टरांचा तो चौकोन-वर्तुळांचा कागद अजून माझ्या पिशवीत आहे. घडीवर फाटायला आलाय. या दिवाळीत सगळे जमतील तेव्हा त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येक घरात एकेक देणार आहे. कुणी नको म्हणू नका.